बाहेरचा भोंगा

शिडीच्या तळाशी टोमोसचं वजन,
नवव्या पायरीवर मी.
मर्थरच्या या चढावर घरं खांद्याला खांदा लावून उभी,
आणि खडीच्या गिलाव्यात ड्रिल
आधी घसरतं, मग चिडतं, मग कुठे आत शिरतं.

भोक तिरकं पाडायचं, मी वरून ओरडून शिकवतो,
आतून बाहेर उतरतं.
इथे पाऊस आडवा येतो.
वायरीवरून चालत तो घरात घुसला
तर त्याच्यासाठी कुठलाच अलार्म नाही.

मिसेस एलुनेड प्रॉसर, वय एक्याऐंशी.
कानातलं यंत्र दुपारी बशीत काढून ठेवतात,
त्यात फ्रिज फार बोलतो म्हणे.
सकाळीच त्यांनी विचारलं होतं,
"वाजलं तर मला ऐकू येईल का?"
आतला कदाचित येईल, मी म्हणालो.
बाहेरचा तुमच्यासाठी नसतोच.

मग कोणासाठी?

माहितीपत्रकात डेसिबल आहेत,
निळ्या दिव्याची उघडझाप आहे,
वीस मिनिटांनी आपसूक गप्प व्हायचं आहे.
हे नाही.

आधी जुनी पेटी उतरवायची होती.
बुडालेल्या कंपनीचं नाव, अर्धं पुसलेलं.
वायर कापली तेव्हा हूं की चूं नाही.
"मेली," मी म्हणालो, आणि झाकणाचा स्क्रू सैल केला.
आत गांधीलमाश्यांचं पोळं,
राखाडी, कागदी, कधीचं रिकामं,
त्यामागे बॅटरी,
आणि बॅटरीच्या बुडाशी
कुणी न मागितलेला एक घोट.

कुणी हात लावला की ओरडायचं
एवढी एकच गोष्ट तिला शिकवलेली.
ती ओरडली.
ओरडली कसली, म्हातारं बोकड शिंकावं तसं काहीतरी,
ओलं, तुटक, लाजिरवाणं.
डोंगरावरून कचऱ्याच्या डब्यांपाशी उतरलेल्या
तीन मेंढ्यांनी माना वर केल्या.
टोमोस हसला. शिडी हलली.

शेजारचं दार उघडलं.
इडवाल प्रोबर्ट, बनियनवर मफलर,
हातात चमचा, चमच्यावर अंड्याचा पिवळा ओघळ.
मागच्या गल्लीतल्या कोळशाच्या खोपटापायी
अकरा वर्षं या दारातून त्या दाराकडे
शब्द गेलेला नाही, असं मला चहाबरोबर कळलं होतं.
तो मलाच म्हणाला, वर बघून, जरा रागाने:
"खाणीचा भोंगा झाला की धावायचं.
खाण गेली. पाय ऐकत नाहीत."

एलुनेडबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.
त्यांना खिडकीतून दिसला फक्त तो,
अनवाणी, फरशीवर,
त्यांच्या घराकडे तोंड करून उभा.

नवी पेटी बसवली. पाणसळीचा बुडबुडा
दोन रेघांच्या मधोमध येईपर्यंत टोमोसला थांबायला लावलं;
वाकडी पेटी चोराला दिसत नाही,
मला दिसते, दर वेळी या रस्त्यानं जाताना.

मग फॉर्म. किल्ली कोणाकडे, दोन नावं.
पहिलं भाच्याचं, कार्डिफ, पाऊण तास.
दुसरी ओळ त्यांनी बराच वेळ बोटाने पुसली,
जणू तिच्यावर धूळ होती.
"पेन्सिल आहे का?"
शाईनेच भरायचा असतो.
मी पेन्सिल दिली.

चाचणीला सगळी गल्ली कान झाकून उभी राहिली.
बाईंनी तळवा भिंतीला लावला, आणि म्हणाल्या,
"हं. आला."
इडवालने एक अस्सल वेल्श शिवी दिली,
ती मात्र त्यांच्यापर्यंत पोचली असावी,
कारण त्या ओठ दाबून खाली बघत होत्या.

पोळं टोमोसने डब्यात घेतलं, मुलीला दाखवायला,
सँडविचच्या कडांबरोबर.
गाडीत बसल्यावर म्हणाला, फार हलकं आहे,
झाकण उघडायची भीती वाटते.